जुळलं की सांगतो

नाना टेलिफोनवर बोलत नसत. स्टुडिओतला फोन वाजला आणि कुणी बळेच त्यांच्या हातात दिला, तर ते "समोर या, मग बोलू" एवढंच म्हणत आणि ठेवून देत. पलीकडे निर्माता असो की घरचं माणूस. "तोंड दिसत नाही त्याचं मी काय ऐकू?" असं त्यांचं म्हणणं. उमेदीची सगळी वर्षं माणसांची तोंडं आणि त्यांचे आवाज एकमेकांना जोडण्यात गेलेली, त्यामुळे नुसत्या आवाजावर त्यांचा विश्वास उरला नव्हता.

ते एडिटर होते. मुंबईत आमची एक लहानशी कंपनी होती. माहितीपट, जाहिराती, सरकारी समारंभ, जे मिळेल ते आम्ही करायचो. मी आवाज घ्यायचा आणि नानांनी तो चित्राला जोडायचा. त्या काळी चित्र एका पट्टीवर आणि आवाज दुसऱ्या पट्टीवर असे. म्हणून शॉट सुरू होताना कॅमेऱ्यापुढे लाकडाची क्लॅप वाजवायची. फळ्या मिटलेल्या दिसतात ती चौकट आणि 'टक' ऐकू येतं ती जागा एकाखाली एक आणली की पुढचं सगळं आपोआप चालतं. नाही आणली तर माणूस तोंड मिटून बसलेला दिसतो आणि त्याचं वाक्य मागून येतं. याला आम्ही सिंक म्हणायचो. नाना म्हणायचे 'जुळणं'. जुळलं किंवा सुटलं, दोनच शब्द. माणसांनाही ते हेच शब्द लावत. नवराबायको भांडताना दिसली की हळूच म्हणत, "सुटलंय."

खोलीत शिरताना त्यांना एक टाळी वाजवायची सवय होती. टाळी वाजवायची आणि मग बोलायला लागायचं. आमच्या एका कॅमेरामनच्या वडिलांच्या तेराव्याला गेले तिथेही वाजवली, आणि सगळे वळून बघायला लागले तसे स्वतःच्याच हातांकडे चमत्कारिक नजरेने बघत राहिले. नंतर मला म्हणाले, "टाळी दिसते आणि ऐकू येते. कानाला आणि डोळ्याला एकाच वेळी पटेल अशी दुसरी गोष्ट मला माहीत नाही."

शुक्रवारी दुपारनंतर ते कात्रीला हात लावत नसत. शनिवारी तर नाहीच. नाना बेने इस्राएल. आमच्या कुलाबा जिल्ह्यात त्यांच्या लोकांना शनवार तेली म्हणत, कारण पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा. बोलणं आमच्यासारखंच, आडनावं गावांवरून, बायका नऊवारी नेसणाऱ्या. मालक कपाळाला हात लावून म्हणायचे, "उद्या प्रिंट द्यायचीय हो." नाना कात्री टेबलाच्या खणात ठेवून चावी खिशात टाकत आणि भाऊच्या धक्क्याची वाट धरत.

मी थळचा. ते चौल-रेवदंड्याच्या बाजूच्या एका गावचे. त्यामुळे शुक्रवारची रेवसची लाँच आमची एकच असे. कठड्यापाशी उभे राहून ते किनाऱ्याकडे बघत. रेवस जवळ आलं की एखाद्या होडीवर सुतार खिळे ठोकत असलेला दिसे. हातोडा आधी पडताना दिसायचा, आवाज मागाहून यायचा. नाना लगेच तोंड फिरवायचे. त्यांना ते खरोखरच सोसत नसे.

"जवळ गेलो की जुळेल, नाना," मी म्हणायचो.

"ते माहीत आहे मला. पण तोवर बघवत नाही."

कामात मात्र त्यांच्याइतका थंड डोक्याचा माणूस मी पाहिला नाही. एकदा एका धक्क्याच्या उद्घाटनाचं पुढाऱ्यांचं भाषण आम्ही तीन कॅमेऱ्यांनी घेतलं होतं. सुरुवातीला सगळं ठीक, पण भाषण जसजसं पुढे जाई तसतसे ओठ आणि शब्द लांब लांब होत गेले. आमच्या हाताखालच्या लोकांनी आवाजाची पट्टी इथून थोडी काप, तिथे तुकडा घाल असं करून त्याची पार चाळण केली. नानांनी ते सगळं उसवलं आणि पुन्हा पहिल्यासारखं केलं. मग म्हणाले, "दोष कुणाचा हे आधी ठरवायचं नाही. आधी सगळ्यांना एका जागी उभं करायचं, आणि चालू द्यायचं. कोण मागे पडतो ते आपोआप दिसतं." दोन कॅमेरे एकमेकांबरोबर चालत होते, तिसऱ्याची मोटर दमत होती. त्या तिसऱ्याचे त्यांनी लहान लहान तुकडे केले, आणि दुसऱ्या कॅमेऱ्यावरून त्याच्यावर येताना प्रत्येक वेळी नव्याने जुळवून घेतलं. मागे पडणाऱ्याला फार वेळ एकटं चालू द्यायचं नाही, एवढीच युक्ती. पुढाऱ्यांना काही कळलंही नाही.

एका शुक्रवारी लाँच अर्ध्या वाटेवर आल्यावर ते म्हणाले, "दादा चाललाय."

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. "कुठे?"

"तिकडे. सगळे जातात तिकडे."

इस्राएलला. त्या वर्षांत अलिबागच्या इस्राएल आळीतली, रेवदंड्याची, नवगावची घरं एकामागून एक बंद होत होती. कुणी त्यांना इथून जा म्हटलं नव्हतं. भांडण नव्हतं, तंटा नव्हता. पण प्रार्थनेत पिढ्यान्‌पिढ्या ज्या गावाचं नाव घेतलं ते गाव आता खरोखरच बोलावत होतं, आणि एक भाऊ गेला की दुसऱ्याला घर खायला उठत होतं.

"आणि आई?"

"आयपण. दादा म्हणतो, थोरल्याकडेच राहायचं तिनं." मग म्हणाले, "निघायच्या आधी घरी मलिद्याची प्रार्थना आहे. सगळी माणसं येतील. पुन्हा इतकी एका ठिकाणी यायची नाहीत. मला ते घेऊन ठेवायचंय. तीन कॅमेरे लावून."

"तीन कशाला?"

"आय गाईल तेव्हा ऐकणारे नकोत का दिसायला?"

मी त्यांना तुम्ही जाणार का, असं विचारलं. ते म्हणाले, "मला इथे काय कमी आहे?" आणि पाण्याकडे बघत राहिले.

एका रविवारी आम्ही त्यांच्या गावी गेलो. दोघे कॅमेरामन मित्र नानांच्या शब्दाखातर आले होते. उरलीसुरली फिल्म त्यांनी महिनाभर साठवली होती. दोन कॅमेरे चावी देऊन चालणारे, एक बॅटरीवरचा, तो नुसता चालू करून ठेवायचा. गावात वीज नव्हती, म्हणून माझ्या टेपच्या यंत्रासाठी मी मोटारीच्या बॅटऱ्या आणि त्यांची वीज यंत्राला चालेल अशी करणारा कन्व्हर्टर घेतला होता. नारळी-पोफळीच्या वाडीत त्यांचं कौलारू घर होतं. पडवीच्या कडेला जुना घाणा होता. तो बंद पडून बरीच वर्षं झाली होती, आणि त्याच्यात कोंबडी अंड्यावर बसली होती.

नानांची आई लहानखुरी. चष्म्याच्या काड्यांना दोरा बांधलेला. कॅमेऱ्यांच्या तिकाटण्यांकडे बोट दाखवून तिने विचारलं, "ही कसली भुतं उभी केलीस रे दारात?"

"कॅमेरे आहेत, आय."

"माझा कसला शिनेमा काढतोस? मी जातेय. मेले नाय अजून."

"तू गा नेहमीसारखी. आम्ही मधे येत नाही."

"आन् मंग याचं काय करशील?"

"जुळवीन. आणि घेऊनच येईन तुझ्याकडे. तिथे बसून बघू दोघं."

"कवा?"

"जुळलं की."

म्हातारीने त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. मग म्हणाली, "बरं. मंग गाते."

म्हातारीच्या शेजारी जनाबाई बसली होती. ती शेजारच्या कोळवाड्यातली. लग्न होऊन आली तेव्हापासून या घराला मासळी घालायची. या लोकांना कोळंबी, चिंबोरी चालत नाही, म्हणून टोपलीतली खवल्याची मासळी ती आधीच बाजूला काढून आणी. सकाळी ती मलिद्यासाठी खोबरं खवायला आली होती आणि मग म्हातारीने तिला उठू दिलं नव्हतं. समोर मोठ्या ताटात भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, केळी आणि वरती गुलाबाच्या पाकळ्या. पुरुष एका बाजूला बसले होते, त्यांनी आधी त्यांची हिब्रू स्तोत्रं म्हटली. खोली भरून माणसं ओटीवर आणि ओटीवरून अंगणात गेली होती.

मग म्हातारीने गाणं धरलं. मराठीच गाणं. त्यांचे पूर्वज ज्या गलबतातून आले ते गलबत आमच्याच किनाऱ्याला फुटलं, असं ते सगळे सांगतात. त्याचं गाणं. 'दर्यानं टाकिलं, मातीनं राखिलं' असं त्याचं पालुपद होतं. बायका टाळ्यांवर ते झेलत होत्या. आवाज थकलेला, खालच्या पट्टीतला, पण जागेवरून न हलणारा.

कॅमेरे चालू झाले होते, माझी टेप फिरत होती. क्लॅप नानांच्या हातात होती. मी मान हलवून खूण केली. दोघा कॅमेरामननीही केली. नानांनी क्लॅप वाजवली नाही. ते आईकडे बघत उभे राहिले आणि मग होते तिथेच, क्लॅप मांडीवर घेऊन, जमिनीवर बसले. आयुष्यभर ज्या एका गोष्टीवरून ते लोकांना बोलत आले होते, ती त्या दिवशी त्यांच्या हातून झाली नाही. आम्ही कुणी त्यांना थांबवून विचारलं नाही.

पुढच्याच महिन्यात सांताक्रूझहून दादा, त्यांचं कुटुंब आणि आई गेली. अलिबागच्या पलीकडे फारशी कधी न गेलेली ती बाई विमानाच्या शिडीवर एकदा थांबली आणि पायांतल्या नव्या बुटांकडे बघून पुढे गेली. मागे वळली नाही. नाना म्हणाले, "बरं झालं, वळली नाही."

मग ते कामाला बसले. कंपनीचं काम दिवसभर, हे जेवणाच्या सुट्टीत. क्लॅप नव्हती, म्हणून त्यांनी बायकांच्या टाळ्या धरल्या. तळहाताला तळहात लागलेली चौकट शोधायची, टेपवरचा तोच आवाज शोधायचा आणि दोन्ही एकत्र आणायचं. पहिली टाळी जुळली. दुसरी, तिसरीही. पण गाण्याच्या शेवटापर्यंत पोचेतो आवाज पार पुढे पळालेला असे. म्हातारीचे ओठ हलत असत आणि शब्द संपलेले असत.

त्यांनी तिन्ही कॅमेरे एका जागी उभे केले आणि चालू दिले. चावीचे दोन कॅमेरे चावी संपत आली की रेंगाळत होते, ते त्यांना अपेक्षितच होतं. पण त्याने चित्र पुढे पळायला हवं होतं, इथे आवाज पळत होता. एक दिवस ते माझ्या खोलीत आले, टाळी वाजवली आणि म्हणाले, "चित्रात नाही. तुझ्याकडे आहे."

आम्ही टेप लावली. ते डोळे मिटून ऐकत होते. मध्यावर आल्यावर म्हणाले, "ही आय नव्हे. आयचा आवाज एवढा बारीक नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या दिवशी बॅटऱ्या हळूहळू उतरत गेल्या होत्या. टेप मंद फिरत गेली होती. आता पूर्ण वेगाने लावल्यावर आवाज घाईने आणि चढा येत होता. उपाय एकच होता. तेच यंत्र, तोच कन्व्हर्टर घ्यायचा, आणि टेप वाजवताना विजेचा जोर पुन्हा तसाच हळूहळू उतरवत न्यायचा. पण किती उतरवायचा हे कुठल्या काट्यावर दिसणार? नाना माझ्या शेजारी बसले. मी बटणावर बोटं ठेवली.

"थोडं खाली," ते म्हणायचे. "अजून. अजून थोडं. नाही, एवढं नको, एवढी म्हातारी नाही झाली ती."

असं कित्येकदा केलं. त्यांच्या कानात तिचा जो आवाज होता, त्याच्याशी आम्ही यंत्र जुळवत होतो. एका दुपारी पालुपदाच्या दुसऱ्या खेपेला त्यांनी माझा हात दाबून धरला. "थांब. ही आय." आणि टेबलावर डोकं टेकून शेवटपर्यंत ऐकत राहिले. गाणं संपल्यावर मी यंत्र बंद केलं नाही. नुसती पट्टी फिरत होती.

तो आवाज दुसऱ्या टेपवर उतरवून घेतल्यावर चित्र जोडणं सोपं होतं. थोड्याच दिवसांत त्यांनी मला बोलावून मूव्हिओलाच्या, म्हणजे एडिटिंगच्या मशीनच्या, इवल्या काचेवर सगळं दाखवलं. म्हातारी गात होती. ओठ आणि शब्द एक होते. टाळ्या टाळ्यांवर पडत होत्या. जनाबाई शेजारी डुलत होती.

"जुळलंय, नाना," मी म्हटलं.

"नाही. दोन चौकटी पुढे आहे."

"कुठे?"

"तुला नाही दिसायचं." आणि त्यांनी जोड सोडवायला घेतले.

मला वाटलं, त्यांचा डोळा माझ्यापेक्षा तयार आहे, असेल दोन चौकटी. पण पावसाळा गेला. त्यांच्या नव्या वर्षाला त्यांनी नेहमीप्रमाणे माझ्यासाठी गव्हाच्या चिकाचा हलवा आणला. दिवाळी गेली. फिल्म अजून टेबलावरच होती. कधी दोन चौकटी पुढे, कधी एक चौकट मागे. तिकडून कुणी आलं की निरोप असायचा, म्हातारी विचारते, जुळलं का. नाना सांगायचे, "जुळलं की सांगतो."

वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, गावातल्या शाळेत शिक्षिका होत्या. नाना आठवडाभर मुंबईत, त्या मुलीला घेऊन गावी. एका रविवारी त्या थळला आमच्या घरी आल्या. चहा घेतला, माझ्या आईशी नारळाच्या भावाचं बोलल्या. मी त्यांना एसटीपर्यंत सोडायला निघालो तेव्हा वाटेत म्हणाल्या, "भावजी, एक विचारू? त्या फिल्मला अजून किती वेळ आहे?"

मी त्यांची पिशवी हातात घेतली.

"मुलगी लग्नाची झाली," त्या म्हणाल्या. "इथे आता आमच्यातली किती घरं राहिली? परवा सणाला दिवा लावला तेव्हा घरात आम्ही दोघीच. मी म्हटलं ह्यांना, जाऊ या. तर म्हणतात, आयला शब्द दिलाय, फिल्म घेऊनच जायचं."

"वहिनी, ते जुळलंय. केव्हाच जुळलंय."

त्या थोडं चालल्या. "मला माहीतच होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

"तुम्ही त्यांना बोला ना."

"काय बोलू? खोटं धरलं म्हणून त्यांनाच लाजल्यासारखं होईल. त्यांना जायचं नाहीये. आणि जात नाही असं आईला सांगायची हिंमतही नाहीये. मग ते दोन चौकटी, दोन चौकटी करत बसलेत." त्यांनी पदराने घाम पुसला. "मी पुढे जाते मुलीला घेऊन. तुम्ही लक्ष ठेवा त्यांच्यावर."

पुढे त्या आणि मुलगी तिकडे निघाल्या. नाना धीराने सगळं करत होते, ट्रंका बांधल्या, मुलीला गळ्याशी धरलं. पण त्यानंतर शुक्रवारी लाँचवर भेटले की त्यांच्या हातात दोन भाकऱ्यांचं फडकं असायचं, मुंबईतून बांधून घेतलेलं. गावी जाऊन ते एकटेच शुक्रवार संध्याकाळचा दिवा लावत आणि ते फडकं सोडून बसत. जनाबाई मासळी आणून द्यायची. तळत मात्र ते स्वतःच.

हिवाळ्यात तार आली. म्हातारी झोपेतच गेली होती.

नाना गावी गेले आणि घरात जमिनीवर बसले. त्यांच्यात सात दिवस असं बसतात. मी मधल्या एका दिवशी गेलो. आरशावर धोतर टाकलं होतं. सदऱ्याची कड फाडलेली होती. दाढी वाढलेली. पडवीत कोळवाड्यातली आणि शेजारच्या आगऱ्यांची माणसं बसली होती. कुणी केळी, कुणी शहाळी, जनाबाईने उकडलेली अंडी आणली होती.

मृत माणसासाठी त्यांची एक प्रार्थना असते, कद्दिश. ती एकट्याने म्हणता येत नाही. त्यांच्यातले दहा पुरुष हजर लागतात. आसपासच्या गावांत माणूस पाठवला होता. त्या संध्याकाळपर्यंत सहा जमले. त्यांतल्या एकाला धरून आणावं लागलं होतं, इतका तो थकला होता. सातवे नाना. आणखी तिघे कुठून आणणार?

जनाबाईचा नवरा पागोटं हातात घेऊन दारात आला. "नाना, आमी हाव ना हितं. पंधरा-वीस मानूस हाय. आमी उबं राहिलो तं चालंल काय?"

नाना त्याच्याकडे बघत राहिले. "नाही चालत, बाबा."

"तुमच्या देवाला सांगून बघा. आय आमची बी व्हती."

"देवाचं मला माहीत नाही," नाना म्हणाले. "नियम नाही तसा." मग जरा सरकून त्यांनी जमिनीवर हात ठेवला. "पण बस तू इथे."

तो बसला. बाकीचेही आत आले. प्रार्थना झाली नाही. सगळे अंधार पडेपर्यंत नुसते बसून राहिले.

मुंबईला परत आल्यावर नाना सरळ एडिटिंगच्या खोलीत गेले. मला हाक मारली. टेबलावर जोड सुटे पडले होते, ते त्यांनी भराभर लावले. खुणा सगळ्या आधीपासून केलेल्या होत्या. दोन्ही पट्ट्या मशीनवर चढवल्या आणि आम्ही ते पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. गाणं संपलं. ते म्हणाले, "जुळलंय."

मी त्यांच्याकडे वळलो.

"विचार ना, केव्हापासून."

"केव्हापासून, नाना?"

"तुला दाखवलं त्या दिवसापासून." त्यांनी मशीनचा दिवा घालवला. "मला वाटायचं, तिला वाट बघायला काहीतरी आहे तोवर ती जगेल. असंही वाटायचं. आणि मला जायचं नव्हतं, हेही खरं. दोन्हीतलं जास्त खरं कुठलं, ते मला अजून ठरवता येत नाही."

नंतरच्या वर्षी ते गेले. घराची किल्ली जनाबाईच्या नवऱ्याकडे दिली. निघायच्या आदल्या दिवशी माझ्याकडे आले, हातात फिल्मचा डबा आणि दुरुस्त केलेल्या टेपचं एक रीळ घेऊन. चित्र आणि आवाज एकाच पट्टीवर घेतलेली प्रिंट त्यांनी कधी करून घेतलीच नव्हती. टेप त्यांनी पिशवीत ठेवली आणि डबा माझ्यापुढे सरकवला.

"हे तुझ्याकडे राहू दे. तिथे मोठं मशीन कुठे मिळणार आपल्याला? टेपचं यंत्र कुणाकडे तरी असेल. तुझ्या वहिनीला आणि मुलीला निदान ऐकायला मिळेल."

"आणि चित्र?"

"पाठ आहे मला."

त्यांना चहा दिला तो त्यांनी घेतला. जिन्यावरून उतरताना एकदा थांबून त्यांनी वर बघितलं.

ते तिकडे वाळवंटातल्या एका नव्या गावात राहतात, सुताच्या गिरणीत कामाला आहेत, एवढं नंतर कुणाकुणाकडून कळत गेलं. डबा मी स्टुडिओत कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला होता. तो उघडायला मला धीर होत नव्हता.

एके दिवशी दुपारी दरवान सांगत आला, कुणी कोळीण भेटायला आली आहे. जनाबाई होती, मुलाबरोबर. एका डोळ्याला हिरवी पट्टी. मोतीबिंदू काढायला मुंबईच्या इस्पितळात आली होती आणि आता गावी निघाली होती.

"एक डोला उघरला," ती म्हणाली. "पोराला म्हनलं, घरी जायच्या आदी आयेला बघून जाव. नाना सांगून गेलं व्हतं, तुमच्याकं हाय म्हनून."

"आवाज नाही त्याला, जनाबाई. नुसतं चित्र आहे."

"आसू द्या."

मी डबा काढला. फिल्म मशीनवर चढवली आणि स्टूल पुढे ओढून तिला काचेपाशी बसवलं. काचेवर म्हातारी दिसायला लागली, दोरा बांधलेल्या चष्म्यात, समोर मलिद्याचं ताट. ओठ हलायला लागले. खोलीत मशीनच्या खडखडाटाशिवाय काही नव्हतं. जनाबाई एका डोळ्याने अगदी जवळून बघत होती. शेजारी बसलेली स्वतः तिला दिसली असावी, पण नजर म्हातारीवरून हलली नाही.

मग तिने गाणं धरलं. हलक्या आवाजात, मलाही जेमतेम ऐकू येईल इतक्या. 'दर्यानं टाकिलं, मातीनं राखिलं.' आवाज कोळणीचा, उघडा आणि खरखरीत, म्हातारीच्या आवाजासारखा मुळीच नाही. मी काचेवरच्या ओठांकडे बघत होतो. एवढी वर्षं हेच काम केलेलं, त्यामुळे नजर आपोआप तिथेच गेली. कुठेही शब्द पुढे गेला नाही की मागे राहिला नाही. म्हातारीने श्वास घेतला की जनाबाई घ्यायची.

गाणं संपलं, पट्टी निसटून रिकामी काच उजळली. मी मशीन थांबवलं. तिच्या मुलाने हळूच म्हटलं, "आये, लाँच चुकंल."

"चुकू दे," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "पुन्यांदा लावता काय?"

मी पट्टी उलटी फिरवायला घेतली.